कॉनी, कॉकटेल आणि चार पंखे

या विमानात बोर्डिंग पास लागत नाही. सीटबेल्ट बांधायचा नाही, मोबाईल बंद करायचा नाही, लाइफ जॅकेट कसं फुगवायचं हेही कुणी करून दाखवत नाही. जिना चढायचा, आत शिरायचं, रिकामी खुर्ची पटकवायची आणि सरळ ऑर्डर द्यायची. बास! बाहेर पंखांवर चार भलेमोठे पंखे दिसतात, पुढं कॉकपिट आहे, त्यात घड्याळांसारख्या तबकड्याच तबकड्या आहेत. फक्त एकच... विमान जागचं हलत नाही.

ठिकाण आहे न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरचं टीडब्ल्यूए हॉटेल. आणि विमानाचं नाव कॉनी. कागदोपत्री ती लॉकहीड एल-१६४९ए स्टारलाइनर आहे. पण कॉन्स्टेलेशनच्या घराण्यातल्या सगळ्याच विमानांना जगभर लाडानं ‘कॉनी’च म्हणतात. आपल्याकडे प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक बंटी असतो ना, तसं.

ऑफिसच्या कामासाठी बोस्टनला निघाले होते. मुंबई ते न्यूयॉर्क पंधरा-सोळा तास, त्यातले निम्म्याहून जास्त खिडक्यांच्या शेड खाली ओढलेल्या. तीन सिनेमे, दोन डुलक्या, एक गार उपमा. खालून कुठले देश गेले, कुठला समुद्र गेला, पत्ता नाही. बोस्टनची फ्लाइट संध्याकाळची, म्हणजे हातात सात तास. एडिसनला राहणाऱ्या माझ्या मामेभावाला आधीच फोन करून ठेवला होता. दादा मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि कुठल्याही जुन्या मशीनसमोर त्याला अर्धा तास मोकळा सोडला तर बिल तोच भरतो, हा अनुभव आहे.

आधी इमारतीबद्दल सांगायला हवं. हे मुळात टीडब्ल्यूए कंपनीचं टर्मिनल. ईरो सारिनेन या आर्किटेक्टनं काढलेलं. १९६१ मध्ये तो गेला आणि १९६२ मध्ये टर्मिनल सुरू झालं. प्रवाशांनी गजबजलेलं आपलं काम त्याला बघायला मिळालं नाही. काँक्रीटचे पंख पसरून बसलेला पक्षी, असं त्याचं रूप. आत सरळ रेषा शोधून सापडत नाही. जिने वळतात, कठडे वळतात, छत तर पातळ कापड वाऱ्यावर फुगावं तसं डोक्यावरून जातं. मधोमध लालभडक गालिच्याची खोलगट बैठक आणि समोर फटफट आवाज करत पाट्या पालटणारा जुना बोर्ड. २००१ मध्ये टीडब्ल्यूए अमेरिकन एअरलाइन्सच्या पोटात गेली आणि टर्मिनलला टाळं लागलं. ‘कॅच मी इफ यू कॅन’मध्ये लिओनार्डो डिकॅप्रिओच्या मागे दिसतं ते हेच. १५ मे २०१९ ला त्याचं हॉटेल झालं. ५१२ खोल्या, खोलीत बोट घालून फिरवायचा फोन, गच्चीवर रनवेकडं तोंड करून स्विमिंग पूल. एकूण मामला एकदम स्टायलिश आणि खिशाला त्याच हिशेबानं जड.

पण आम्ही खोलीसाठी आलोच नव्हतो. लॉबीच्या मोठ्या काचेतून पलीकडं ती उभी दिसली आणि दादा माझी बॅग तिथंच सोडून चालायला लागला.

फोटोत कॉनी किती बघितली तरी कल्पना येत नाही. आजची विमानं म्हणजे दोन्ही टोकं निमुळती केलेल्या नळ्या. हिचं अंग मात्र माशासारखं आहे. नाकाशी खाली झुकलेलं, पाठीत उचललेलं, शेपटाकडं पुन्हा निमुळतं. शेपटाला एक नाही, तीन उभे कल्ले. पुढची चाकं इतक्या उंच काठीवर की हील्स घातलेल्या बाईसारखी ती थोडी तोऱ्यात उभी आहे असं वाटतं. ही उंची दिखाव्यासाठी नाही हं! पंख्यांची पाती जमिनीला लागू नयेत म्हणून पाय लांब. सौंदर्याचं कारण असं साधं, कामाचं निघालं की मला भारी आवडतं.

कॉनीची जन्मकथा मात्र दुर्दैवी आहे. जून १९५७ मध्ये टीडब्ल्यूएनं पहिली स्टारलाइनर सेवेत आणली. न्यूयॉर्कहून निघून न थांबता थेट युरोप. अटलांटिकवर रात्रभर उडताना लोक जेवायचे, झोपायचे, सकाळी उठून तोंड धुवायचे. आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये पॅन ॲमनं न्यूयॉर्क-पॅरिस मार्गावर बोइंग ७०७ आणलं. जेट! वेळ जवळजवळ निम्म्यावर. नवाकोरा फोन घ्यावा, त्याचं कव्हर यायच्या आत पुढचं मॉडेल बाजारात यावं, तशी गत. स्टारलाइनर एकूण बनल्या फक्त ४४. टीडब्ल्यूएनं तिचं नाव ‘जेटस्ट्रीम’ ठेवलं होतं, जेट नसलेल्या विमानाचं! मार्केटिंगवाले तेव्हाही मार्केटिंगवालेच होते.

हॉटेलपुढची ही कॉनी १९५८ ची. प्रवासी गेले, मग अलास्कात माल वाहिला. त्यानंतर तिनं गांजाची स्मगलिंग केली, होंडुरासमध्ये बेवारस पडली, पुढं अमेरिकेतल्या मेन राज्यात वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिली. २००७ मध्ये लुफ्तान्सानं अशा तीन स्टारलाइनर विकत घेतल्या. त्यातली एक पुन्हा प्रवासी घेऊन उडवायची, हे स्वप्न. अकरा वर्षं आणि भरमसाट पैसा ओतून २०१८ मध्ये त्यांनी उडवण्याचा नाद सोडला. तिघींपैकी ही हॉटेलवाल्यांनी घेतली, पंख काढून ट्रकवरून न्यूयॉर्कला आणली आणि मार्च २०१९ मध्ये, मिरवायला म्हणून, टाइम्स स्क्वेअरमध्ये उभी केली. काय एकेकीचं नशीब!

आत बसलो. दादानं कॉफी मागितली, त्याला गाडी चालवायची होती. मी मात्र कॉकटेलच. केबिन अरुंद आहे, आपल्या शिवनेरीपेक्षा फार रुंद वाटत नाही. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस, पलीकडं एक जोडपं सेल्फी काढतंय, पार्श्वभूमीला जुनी गाणी. खिडकीतून इंजिन दिसत होतं. दादा त्याच्याकडंच बघत होता.

‘एका इंजिनात अठरा सिलिंडर,’ तो म्हणाला. ‘नऊची एक चकती, तिच्यामागे नऊची दुसरी. प्रत्येकाला दोन प्लग. चार इंजिनांचे किती झाले?’

‘एकशे चव्वेचाळीस.’

‘तुझ्या स्कूटीला एक आहे. तोसुद्धा पावसाळ्यात रुसतो!’

याच्यावर कडी म्हणजे त्या इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुरालाही इंजिन बनवणाऱ्यांनी फुकट जाऊ दिलं नव्हतं. प्रत्येक इंजिनाला तीन छोट्या टर्बाइन, धूर त्या फिरवणार आणि ती ताकद पुन्हा मुख्य दांड्यावर चढवली जाणार. कागदावर झकास. प्रत्यक्षात मेकॅनिक लोकांच्या नाकी नऊ आले. त्या काळी गमतीनं कॉनीला ‘जगातलं सर्वांत उत्तम तीन इंजिनांचं विमान’ म्हणायचे, कारण चौथं वाटेत कधी बंद पडेल याचा नेम नसायचा. जेटमध्ये वरखाली धडकणारे दट्टे नाहीत, सगळं गोल फिरतं. म्हणून ते कमी बिघडतं. इतकं साधं आहे हे.

मग या पंखेवाल्या विमानांचं लोकांना एवढं वेड का? आवाज प्रचंड, वेग कमी, बिघाड जास्त. तरी जगात कुठंही जुना डकोटा उडणार म्हटलं की कुंपणाला लोक लटकतात. त्यातल्या बहुतेकांनी तरुणपणी असल्या विमानातून प्रवासही केलेला नसतो. नॉस्टॅल्जिया म्हणून विषय संपवता येत नाही, बॉस. न जगलेल्या दिवसांची आठवण कशी येईल?

मला वाटतं, याचं उत्तर आमच्या आजोबांकडं होतं. आम्ही मूळचे नागपूरचे. आजोबा पोस्टात होते आणि काही वर्षं त्यांची ड्यूटी होती रात्रीच्या एअरमेलवर. हा प्रकार आज सांगितला तर खोटा वाटेल. १९४९ पासून रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही विमानं नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर जमायची. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमानं बदलायचे आणि पहाटेच्या आत चौघंही आपापल्या गावाला परत. आज मुंबईत टाकलेलं पत्र उद्या कलकत्त्याला! देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला एवढा रोकडा फायदा दुसऱ्या कशाचा झाला असेल असं मला वाटत नाही. (संत्र्याचा आणि याचा संबंध नाही, दादानं मध्येच खुलासा केला.)

सुरुवातीला ही विमानं होती डकोटा, म्हणजे डग्लस डीसी-३ चा लष्करी अवतार. मूळ डीसी-३ पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ ला. पुढं लष्करी धरून दहा हजारांहून जास्त बनली. महायुद्ध संपलं आणि ती भंगाराच्या भावात विकायला निघाली, त्यामुळे स्वतंत्र भारतातल्या बहुतेक नव्या विमान कंपन्यांचा संसार डकोटावरच उभा राहिला. आजोबा पिशव्या मोजायला बाहेर उभे असायचे, अंधारात. विमान दिसायच्या आधी ऐकू यायचं. ‘आज मद्रासचं लेट होऊन राहिलं,’ असं ते म्हणायचे आणि घुंईऽऽ असा आवाज तोंडानं काढून दाखवायचे. दोन इंजिनांची लय जमली नाही की आवाज हेलकावतो, ते त्यांना उतरायच्या आधी कळायचं. आजोबा काही इंजिनिअर नव्हते. मॅट्रिक झालेला पोस्टातला माणूस! पण विमानाच्या पोटात काय चाललंय हे त्यांना कानानं कळत होतं.

माझ्या मते सगळी जादू इथं आहे. हे यंत्र काय करतंय ते बघणाऱ्याला दिसतं आणि ऐकू येतं. सुरू होताना पंखा आधी कुरकुरत एक-दोन फेरे घेतो, मग एखादा सिलिंडर पेटतो, निळा धूर, खोकला, मग दुसरा, मग एकदम सगळे. प्रत्येक टप्पा समोर घडतो. मी ज्या विमानातून आले त्याची इंजिनं कधी सुरू झाली ते मला कळलंसुद्धा नव्हतं. यात वाईट काही नाही, उलट तेच हवं. पण कुंपणाला लटकायला त्यासाठी कोण जाईल?

कॉनीसुद्धा आपल्याला परकी नाही बरं का. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं ते कॉन्स्टेलेशनच, ‘मलबार प्रिन्सेस’. आत ३५ प्रवासी, त्यांच्यात खुद्द जे. आर. डी. टाटा. कैरो, जिनिव्हा करत १० तारखेला लंडन. या फोटोतल्या हारतुऱ्यांबद्दल सगळे बोलतात. पुढचं कुणी सांगत नाही. तीच ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० ला आल्प्समध्ये माँ ब्लांवर आदळली आणि आतले सगळे ४८ जण गेले. आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये ‘काश्मीर प्रिन्सेस’. बांडुंग परिषदेला निघालेल्या चिनी शिष्टमंडळाचं हे विमान. हाँगकाँगला त्यात बॉम्ब ठेवला गेला. कॅप्टन होते दा. का. जटार. समुद्रावर स्फोट झाला, पंखाला आग लागली, तरी त्यांनी विमान पाण्यावर उतरवण्याचा प्रयत्न केला. १९ पैकी तिघे वाचले, त्यांतले एक मेंटेनन्स इंजिनिअर अनंत कर्णिक. त्यांनी या प्रसंगावर पुस्तकही लिहिलं. जटारांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. घातपात वेगळा आणि अपघात वेगळा, मान्य. पण चकचकीत कॉकटेल लाउंजमध्ये बसून ‘सोनेरी काळ’ म्हणताना हा काळ किती वेळा काळा झाला होता, ते विसरायला होतं.

मला हे विसरता येत नाही त्याला दुसरंही कारण आहे.

२०१६ मध्ये मी झुरिकला ऑनसाइट होते. तिथं युंकर्स यु-५२ या विमानातून आल्प्सवर फेरी मारता यायची. १९३९ ची विमानं, अंगावर पन्हाळी पत्र्यासारख्या नाळ्या, तीन इंजिनं. एका पगारातला बरा तुकडा तोडून मी तिकीट काढलं. आत दोन्ही बाजूंना एकेकच सीट, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. कानात बोळे घालूनही आवाज हाडात घुसत होता. तेलाचा वास. वेग एवढाच की खाली गोठ्याबाहेर उभी असलेली माणसं हात हलवताना दिसली आणि आम्हीही हात हलवला. विमानातून खालच्या माणसाला हात! शेजारचे सत्तरीतले गृहस्थ अख्खा वेळ लहान मुलासारखे हसत होते. आयुष्यातली सर्वांत सुंदर चाळीस मिनिटं कुठली विचाराल तर पहिल्या पाचांत ही येतील.

४ ऑगस्ट २०१८. त्याच ताफ्यातलं एक यु-५२ लोकार्नोहून परतताना पिझ सेग्नासजवळ कोसळलं. १७ प्रवासी, तीन कर्मचारी. एकही वाचला नाही. पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाईलवर बातमी वाचली. हात गार पडले होते. नंतर स्विस चौकशी अहवालात आलं की वैमानिकांनी अरुंद दरीत फार खालून, धोक्याच्या पद्धतीनं विमान नेलं होतं. म्हणजे दोष जुन्या इंजिनांचा नव्हता. पण मला त्यानं बरं वाटलं नाही. कारण खालून, जवळून, हळू... आम्ही तिकीट त्याचंच तर काढलं होतं. खालचा माणूस दिसावा म्हणून. २०१९ मध्ये तिथल्या सरकारनं या विमानांची तिकिटं विकायला बंदी केली.

हे सगळं मी दादाला कॉनीत बसून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे हिला बार केलं ते बरंच झालं म्हण की.’

‘अरे, पण हिचा आवाज?’

‘आवाज ऐकायला वीस माणसं घालवायची?’

यावर मी काय बोलणार? तरी बोललेच. माझं म्हणणं, उडवावं. पण तिकीट काढून हौशी लोकांना घेऊन नको. आपलं हवाई दल करतंय तसं. त्यांच्याकडं ‘परशुराम’ नावाचा डकोटा आहे. तेव्हा खासदार असलेल्या राजीव चंद्रशेखर यांनी तो ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतला आणि हवाई दलाला भेट दिला; त्यांचे वडील हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. २०१८ मध्ये टप्प्याटप्प्यानं उडत तो भारतात आला. त्याच्या अंगावर व्हीपी ९०५ हा नंबर आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी तो दोन डॉर्नियरना सोबत घेऊन दिल्लीवरून गेला. शिकलेले वैमानिक, ठरलेला मार्ग, आणि आवाज ऐकणारे सगळे जमिनीवर. आजोबांसारखे.

‘पटतंय,’ दादा म्हणाला, ‘पण अर्धंच.’ त्याचं मत असं की उडणारं जुनं यंत्र दरवर्षी थोडं थोडं नवं होत जातं. सुटे भाग बदलता बदलता मूळचं उरतं काय? त्यापेक्षा हे उभं राहिलेलं खरं. मला ते अजिबात पटलं नाही. उभी कॉनी तरी कुठं मूळची आहे? मेनच्या थंडीत कुजलेली ती, इथं येईपर्यंत आतून बाहेरून नवी झालीय. तो वाद गाडीत, सिक्युरिटीच्या रांगेपर्यंत आणि नंतर व्हॉट्सॲपवर चालला. अजून चालू आहे.

निघताना तो जिन्यावरून उतरून सरळ इंजिनाखाली गेला आणि उकिडवा बसून जमीन बघायला लागला. मला वाटलं काही पडलं. ‘तेल बघतोय,’ म्हणाला. असली इंजिनं बंद असतानाही ठिबकतात, खाली ट्रे ठेवावा लागतो. ठिबकत नसेल तर आत तेलच नाही असं समजायचं, असं जुने मेकॅनिक म्हणायचे. त्यानं काँक्रीटवरून बोट फिरवून मला दाखवलं. कोरडं ठाक.

तुम्हाला जायचं असेल तर हॉटेलमध्ये राहायची मुळीच गरज नाही. लॉबी सगळ्यांना खुली आहे. जेएफकेवर कुठल्याही टर्मिनलला उतरलात तरी एअरट्रेननं टर्मिनल पाचला या, टर्मिनलांच्या दरम्यान ती फुकट आहे. जुन्या टर्मिनलपासून निघणारी लाल गालिच्याची बोगद्यासारखी वाट आहे, तिथं फोटो काढायचा मोह आवरू नका. कॉनीतल्या बारच्या वेळा बदलत असतात, त्या आधी बघून घ्या. हातात किमान तीन तास ठेवा आणि सामान ठेवायची सोय आधी विचारा. बाहेर वारा बोचरा असतो, जॅकेट हवंच. आणि कॉकटेल एकच घ्या, पुढची फ्लाइट खरीच उडणारी असते.